तेल आधी, मग साबण

शैलाताई,

उद्या संध्याकाळी तुमची शोकसभा आहे. इंदिरानगरच्या त्याच हॉलमध्ये, जिथल्या खुर्च्यांना तुम्ही दर वेळी नावं ठेवायचात. मुक्ताने मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. "मी मुलगी असून दूर राहिले. आईच्या शेजारी अकरा वर्षं तूच उभा होतास, हेमंत. तू बोल." समोर ते सगळे डॉक्टर बसतील, जे वर्षानुवर्षं जुनाट दुखण्याचे रोगी तपासतात आणि चिठ्ठ्या आपल्याकडे पाठवतात. दुपारपासून मी मागच्या खोलीत तुमच्या स्टुलावर बसून लिहितोय. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. चारही वेळा फार छान झालं होतं, म्हणूनच फाडलं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती. चौदा महिने सांगायची होती. रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज सांगू. आणि संध्याकाळी शटर खाली ओढताना वाटायचं, आज ताईंचा मूड बरा होता, कशाला घालवा. असं करता करता तुम्ही गेलात. आता ती गोष्ट सांगितल्याशिवाय तुमच्याबद्दल एकही चांगलं वाक्य माझ्या तोंडून धड निघणार नाही. म्हणून आधी ती.

पण उद्या ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आपला फक्त काउंटर पाहिलाय, तेव्हा मागच्या खोलीचं थोडं सांगायला हवं. बाहेरून आपलं दुकान चारचौघांसारखं मेडिकल. मागच्या खोलीत मात्र जे कुठल्या कंपनीच्या ट्यूबमध्ये मिळत नाही ते बनतं. कुणाला अमुक ताकदीचंच बधिर करणारं मलम हवं, कुणाच्या कातडीला वास आणि रंग सोसत नाही, कुणाला गोळी गिळवत नाही म्हणून तेच औषध पातळ करून हवं. डॉक्टर लिहिणार आणि आपण त्या एका माणसासाठी, त्याच्या नावाचं लेबल लावून, घोटून देणार. "हेमंत, डबीवर नाव आहे ना, तो माणूस समोर बसलाय असं समजून घोट," हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. दुसऱ्या आठवड्यात सांगितलंत की मी समोरच्या माणसाला फार कंटाळा आणतो, हात जरा लवकर चालव.

मी नामपूरहून नुकताच आलेलो. पहिलं मलम झाल्यावर घाबरून आमच्याकडची अहिराणी तोंडात आली, "ताई, मलम तयार शे." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. वाटलं, झालं, गावंढळ म्हणून हसणार. तुम्ही म्हणालात, "शे? मग आण की." त्या दिवसापासून अकरा वर्षं तुम्ही मागच्या खोलीत डोकावून एकच विचारायचात, "तयार शे का?" माझी आई म्हणते तसंच, फक्त जरा नाकातून. कितीदा सांगितलं, ताई, तुमच्या तोंडी ते शोभत नाही. तुम्हाला फार आवडायचं ते.

तुमच्या खोलीचे दोन नियम होते आणि दोन्ही मला आधी खुळचट वाटायचे. पहिला, ज्याने मलम घोटलं त्याने खल धुवायचा नाही, तो दुसऱ्याने धुवायचा. "ज्याने घोटलं त्याच्या डोळ्यांना खल आपोआप स्वच्छ दिसतो," असं तुमचं म्हणणं. दुसरा नियम चुकांच्या वहीचा. लेबल तिरपं लागण्यापासून वजन चुकण्यापर्यंत, ज्याची चूक त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायची, मग दुसऱ्यासमोर मोठ्याने वाचायची आणि ऐकणाऱ्याने खाली सही करायची. पहिल्या वर्षी वहीची पानंच्या पानं माझी. तुमच्या नोंदी मोजून तीन-चार. वाचताना माझी मान खाली जायची आणि तुम्ही सही करून लगेच म्हणायचात, "संपलं. चहा टाक." खरंच संपायचं. दुसऱ्या दिवशी त्या चुकीचं नावसुद्धा निघत नसे. त्यामुळे खोटं बोलायचं कारणच नव्हतं, ताई. मी जे केलं त्याला भीतीचंसुद्धा निमित्त देता येत नाही.

तिसरी एक गोष्ट होती, ती नियमाच्याही वरची. मिरचीचं मलम. मिरचीत जो जाळ असतो तो नेमक्या मापात लावला तर काही जणांची ठणकणारी नस हळूहळू थंड पडते. पण तो जाळ पाण्याने जात नाही. मिरच्या चिरून, हात धुऊन, मग डोळा चोळलेल्या कुणालाही हे पटेल. त्यासाठी आपला वेगळा खल होता, कडेला लाल ठिपका असलेला. आणि तो धुताना आधी तेल फिरवायचं, कपड्याने पुसायचं, पुन्हा तेल, मग साबण. तुम्ही हे मला इतक्या वेळा सांगितलंत की नामपूरला आमच्या घरी आईसुद्धा मिरचीचा पाटा धुताना म्हणायला लागली, "तेल आधी, नाहीतर तुन्या ताई रागवतील."

चौदा महिन्यांपूर्वी एका सोमवारी लाल ठिपक्याच्या खलाचा टवका उडालेला तुम्हाला दिसला. तो तुम्ही तिथल्या तिथे बाद केलात. मिरचीचं एक मलम तर द्यायचंच होतं, म्हणून तुम्ही नेहमीचा मोठा खल घेतलात. "आजच्या दिवस. धुताना लक्ष ठेव, तेल आधी."

आणि त्या सकाळी आपलं वाजलं होतं. मशीनवरून. मलम फिरवायचं मशीन घेऊ, असं मी दोन वर्षं म्हणत होतो आणि तुम्ही दोन वर्षं तेच उत्तर देत होतात. मशीनला खरखर कळत नाही. तुम्ही प्रत्येक मलमाचा ठिपका मनगटाच्या मागे घासून पाहायचात, कण लागतो का म्हणून. मी म्हणालो, "हे जुन्या वैद्यांचं झालं, ताई." तुम्ही म्हणालात, "मग तू नवा हो, पण माझ्या माघारी." मला ते झोंबलं. मी पस्तिशीचा माणूस, दहा वर्षांचा अनुभव, आणि मला अजून तेल शिकवताय. तेलाची बाटली वरच्या फळीवर होती. त्यासाठी स्टूल ओढायला लागलं असतं. मी कढत पाणी सोडलं, साबण दोनदा फिरवला, खल लख्ख चमकत होता. रागात माणूस भांडी फार स्वच्छ घासतो. मी तेल घेतलं नाही.

त्यानंतर त्याच खलात तुम्ही सोपानभाऊंचं मलम घोटलंत.

सोपानभाऊ येवल्याचे. पैठणी विणतात. छातीवर नागीण उठून गेली होती, ती गेली तरी तिथली आग गेली नव्हती. सदऱ्याचं कापड लागलं तरी जीव जायचा. मागावर बसलं की लाकडी रूळ नेमका तिथेच येतो, त्यामुळे काम बंद. आपल्या मलमावर ते दिवसाला चार तास बसायला लागले होते. महिन्यातून एकदा एसटीने यायचे आणि डबी कानाशी हलवून पाहायचे, नारळ हलवून पाहावा तसे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. फोन मीच घेतला. मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता. माणूस असा ओरडताना मी त्याआधी ऐकला नव्हता. "बाबांच्या छातीला आग लागलीय, पाणी ओततोय तर जास्त होतंय!" तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात. एका सेकंदात तुम्हाला कळलं. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होतो, मला दिसलं ते कळताना.

"पाणी बंद कर, बाळ. घरात गोडंतेल आहे? ओत. भरपूर. मऊ कापडाने टिप, चोळू नको. परत तेल. मग साबण. मी फोन ठेवत नाहीये." किती वेळ तुम्ही बोलत होतात मला सांगता येणार नाही. आवाज एकदम शांत होता. पलीकडचं ओरडणं कण्हण्यावर आलं तेव्हा तुम्ही त्यांच्या डॉक्टरांना फोन केलात, सगळं सांगितलंत, त्यांनी येवल्याच्या ओळखीच्या डॉक्टरांना सोपानभाऊंच्या घरी पाठवलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"तेल फिरवलं होतंस ना?"

तुम्ही संशयाने विचारलं असतंत तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला चौदा महिने सांगत आलोय. पण तुम्ही तसं विचारलं नव्हतं. फिरवलंच असणार, हे धरून विचारलं होतं. मी म्हणालो, "हो."

तुम्ही मान हलवलीत. मग खुर्चीवर बसून म्हणालात, "म्हणजे माझे मोजे. मिरचीनंतर मी हातमोजे बदलले नसतील. तुला आठवतं का रे, बदलले होते का मी?"

मी म्हणालो, "नक्की आठवत नाही, ताई."

त्याच संध्याकाळी तुम्ही वही काढलीत. तुमचं ते शाळेतल्या फळ्यासारखं अक्षर. 'मिरचीनंतर हातमोजे न बदलता दुसरे मलम घोटले. रुग्णास गंभीर त्रास. चूक माझी.' मग उभं राहून माझ्यासमोर वाचलंत. आणि वही माझ्यापुढे सरकवलीत. मी सही केली. ती इथे आहे, आत्ता माझ्या कोपराशी, तुमच्या अक्षराखाली. चांगली झोकदार आहे. त्या दिवशी 'संपलं, चहा टाक' असं तुम्ही म्हणाला नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही खलाला हात लावला नाहीत. मला वाटलं आठवडाभर चालेल. तुम्ही एकेका डॉक्टरला स्वतः जाऊन सांगितलंत, "माझ्या हातून असं झालं. वय झालं. यापुढे हेमंत करेल, त्याचा हात माझ्याहून नेटका आहे." एवढी वर्षं कौतुकाचा एक शब्द काढला नव्हता, तो असा काढलात. काउंटरवर बसून तुम्ही खोकल्याची औषधं द्यायला लागलात. कधी लेबल लिहिता लिहिता थांबायचात आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघायचात. मी आतून बघायचो. मग एक दिवस म्हणालात, "आण तुझं ते मशीन." मी आणलं. ते फिरायला लागलं की दोन खोल्यांच्या मध्ये असा आवाज व्हायचा की बोलायला नको. मला ते बरंच पडलं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहा घेताना "ताई, त्या खलाचं..." एवढं म्हणालो होतो. तुम्ही हात वर केलात. "तो विषय नको रे. मी तो कसाबसा गिळलाय." मी लगेच गप्प झालो. किती पटकन गप्प झालो मी! तुमचा मान राखला, असं मनाला सांगून दोन बिस्किटं खाल्ली.

आणि गेल्या महिन्यात तुमचा खांदा धरला. तुम्ही, दुसऱ्यांची दुखणी मापात घालणाऱ्या, काउंटरवर एका हाताने सह्या करायला लागलात. डॉक्टरांनी लिहून दिलं, मी मलम केलं, लेबलवर तुमचं नाव लिहिलं. तुम्ही झाकण उघडलंत, ठिपका मनगटामागे घासलात, डोळे मिटलेत. "एक कण राहिलाय." मी म्हणालो, "शक्यच नाही, खलात घोटून वर मशीन पंधरा मिनिटं फिरलंय." तुम्ही हसलात. मी घासून पाहिलं. होता, ताई. एक कण होता. तुमचा हात बिघडला नव्हता. शहरातला सगळ्यात शाबूत हात तो होता आणि माझ्यामुळे तो खोकल्याच्या बाटल्या पुसत होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, "खल कसा धुतलास आधी?" मी म्हणालो, "तेल आधी." त्या वेळी ते खरं होतं. नऊ दिवसांनी सकाळी मुक्ताचा फोन आला की तुम्ही झोपेतच गेलात.

मला तुमच्याविषयी जे वाटतं त्याला कृतज्ञता म्हणायचं की भीती, ते ठरवता येत नाही. मला जे काही येतं ते तुमचं आहे. आईने हात धुवायला शिकवलं आणि तुम्ही ते पुन्हा शिकवलंत. मला तुमची इतकी आठवण येते की काल मशीन चालू करून बंद केलं, उगाच, पलीकडून कुणी हाक मारतंय का ते ऐकायला.

रविवारी मी येवल्याला गेलो. एसटीत ठरवलं होतं, सोपानभाऊंचे पाय धरायचे, सगळं सांगायचं, मोकळं व्हायचं. ते मागावर बसले होते. मी भडाभडा बोललो. त्यांचे हात थांबले नाहीत. पदरावरचा मोर अर्धा झाला होता. विणता विणताच म्हणाले, "तुमच्या ताई आल्या होत्या इथं. तेव्हाच. म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"एकट्याच आल्या. हितं, या पायरीवर बसल्या. म्हनल्या, माझ्या हातानं तुमाला जाळलं, आता मी हे काम सोडलं. मी म्हनलो, ताई, असं नका करू. माझा बी हात कापतो, मी सोडलं का? लय समजावलं. नाय ऐकलं त्यांनी." मग त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "माझी आग चार दिवसांत गेली, भाऊ. त्या बाईची गेली का?"

मी मान आडवी हलवली.

"मग मला कशापायी सांगता? ज्या ज्या मान्सापुढं त्या बाईनं सोताला वाईट म्हनून घेतलं, त्यांना सांगा. मला सांगून तुमचं वझं उतरंल, तिचं नाय उतरायचं."

त्यांच्या सुनेने चहा आणला. तो मी प्यालो. फार गोड होता.

परत येताना विचार करत होतो की शोकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं तर काय होईल. डॉक्टर चिठ्ठ्या पाठवणं बंद करतील. माझा परवाना राहील की जाईल, माहीत नाही. दुकान मला चालवायला द्यायचं मुक्ताच्या मनात आहे, 'आईचा तुझ्यावर विश्वास होता' म्हणून. ती हे ऐकून उठून जाईल, किंवा बसून राहील, आणि बसून राहिली तर ते जास्त कठीण. घाबरलोय, ताई. तुमच्यासमोर पान वाचताना घाबरायचो त्याहून किती तरी जास्त. तिथे शेवटी चहा होता.

आज दुपारी वही उघडली. खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हेही तुमचंच. 'चूक माझी' या तुमच्या शब्दांवर मी एक रेघ मारली. माझ्या त्या झोकदार सहीवर दुसरी. त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं. 'खल तेलाने पुसला नाही. विचारल्यावर पुसला म्हणून सांगितले. चूक माझी.' खाली ऐकणाऱ्याच्या सहीची जागा सोडलीय. उद्या वही घेऊन जाईन, सगळ्यांसमोर वाचेन आणि मुक्तापुढे सरकवेन. तिने सही करावी अशी माझी अपेक्षा नाही. वाचायचं एवढंच माझ्या हातात आहे.

पण नोंदीत न बसणारं एक राहिलं. ते आधी तुम्हाला. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, मोजे बदलले होते का, तुला आठवतं का. मी म्हणालो, नक्की आठवत नाही.

आठवतं, ताई. बदलले होते. मिरचीचे मोजे तुम्ही उलटे करून काढलेत, पायाने डब्याचं झाकण उघडलंत आणि आत टाकलेत. हात धुतलेत, तेल लावून, मग साबणाने. नवी जोडी घेतलीत. उजव्या हाताचा अंगठा आत अडकला, तुम्ही हात माझ्यापुढे केलात आणि म्हणालात, "ओढ रे जरा." सकाळच्या भांडणाचा राग माझ्या डोक्यात अजून होता, म्हणून मी जरा जोरातच ओढला. तुम्ही "आई गं" म्हणालात. मग बोटं हलवून पाहिलीत आणि मलम घोटायला बसलात.